कोऱ्या पानाची शाबासकी

नुकतीच दृष्टी गेलेल्या कुणाला मी भेटायला जाते, तेव्हा घरच्यांसमोर फारसं बोलत नाही. ते कॉफी करायला आत गेले की हळूच विचारते, "या घरात तुमच्याशी खरं कोण बोलतं?" बहुतेक लोक गप्प होतात. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "सगळेच." त्यांची मला जास्त काळजी वाटली.

हे सगळं त्यांच्यासारख्यांसाठी आहे. डोळ्यांना काय झालं होतं, कोणते थेंब घातले, ते डॉक्टरला विचारा. मी सांगणार आहे ते नंतरचं.

आमचं घराणं तंजावरात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. घरात मराठी बोलतात, पण ती जुन्या वळणाची आणि तमिळच्या चालीवर चालणारी. वाचता फारसं कुणाला येत नाही. माझी आई मात्र मिरजेची, तिने लहानपणी मला देवनागरी गिरवायला लावलं. आता मी सांगते आहे आणि आईच्या माहेरची एक मुलगी लिहून घेते आहे. तिने मनाचं काही घातलं नाही ना, हे दुसऱ्या कुणाकडून दोनदा वाचवून घेतलंय.

बाहेर बसा

मी टाइपिंग शिकवायचे. जुन्या बसस्टँडजवळ वरदराजन सारांचं टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होतं, तिथे. आमच्याकडे दहावी झाली की पोरं आधी टाइपिंगची परीक्षा देतात, मग नशिबाची. खोलीभर मशीन एकदम खडखडायची आणि मी त्यांच्या मागून फिरत ओरडायचे, "बोटांकडे बघू नका!"

आधी कडा गेल्या. शेजारून येणारी सायकल दिसेना. दाराची चौकट खांद्याला लागू लागली. मला वाटलं चष्मा बदलायला हवा. आई म्हणाली, रक्त कमी झालंय, बीट खा. मी पुष्कळ बीट खाल्लं.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टर माझ्याशी नीट बोलत होते, मध्येच थांबून म्हणाले, "अम्मा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी बत्तीस वर्षांची, नोकरी करणारी बाई. डोळे माझे. पण बाहेर मी बसले आणि आत अण्णा.

अण्णा बाहेर आला तो नाक ओढत. म्हणाला, "कांहीं नाहीं जानकी. थेंब घाला म्हणाले. बरें होतें." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. थेंबांनी बरं होणार असेल तर हा नाक का ओढतोय?

थेंबांनी भागलं नाही, ऑपरेशनसाठी मला तिथेच ठेवून घेतलं. खरं मला सांगितलं ते वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने. ती पापनाशमकडची, भातलावणी करणारी. ऑपरेशननंतर आम्हा दोघींच्या डोळ्यांवर पट्ट्या. दिवसभर तेच ते: थेंब, इडली, थेंब, ताकभात, नर्सचं "हलू नका." म्हातारीने विचारलं, "तुझा काचबिंदू ना? माझाही. गेलेलं परत येत नाही, बाळ. उरलेलं राखायचं." मी खूप रडले आणि नर्सने मला दम भरला, पट्टी भिजते म्हणून. त्या इस्पितळातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

माझं उरलेलंही राहिलं नाही. वर्षभरात उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं, मग तेही कळेना.

गाणं शीक

आमच्या भागात आंधळ्याला एकच सल्ला मिळतो. गाणं शीक. तिरुवैयारु बसने अर्ध्या-पाऊण तासावर, तिथे गल्लीगल्लीत गाणं शिकवणारे. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, देव एक घेतो आणि दुसरं देतो. मला देवाने काही दिलं नव्हतं. मी आरती म्हणायला लागले की आई टाळ जोरात वाजवते.

घरात आणखी एक सुरू झालं. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. नंतर हवेत हात हलल्याचा, बांगड्या किणकिणल्याचा आवाज. खुणा चालायच्या. आई आणि अण्णा माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलत आणि मी मध्ये कपाटासारखी उभी. माझा सगळ्यात जास्त संशय वैनीवर होता, अण्णाच्या बायकोवर. वैनी आधीपासूनच कमी बोलणारी. दिसत होतं तेव्हा तिचा चेहरा वाचता यायचा. आता नुसती शांतता, आणि त्या शांततेत काय आहे ते मीच भरत बसायचे. तिला मी घरात जड झालेय, असं मी ठरवून टाकलं.

एके दिवशी मी हट्टाने स्वयंपाक केला आणि सांबारात मुद्दाम मीठ घातलं नाही. बघू तर खरं.

आई म्हणाली, "छान झालंय गं."

अण्णा म्हणाला, "बहु चांगलें."

वैनी काही बोलली नाही. तिच्या बाजूने मिठाच्या बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला डिवचतेय, असं वाटलं. खोटं बोलणाऱ्यांवर रागवायचं सोडून मी मीठ घेणारीवर रागावले. माणसाचं डोकं असंच चालतं.

रोलरचे खटके

तिरुच्चीला एका संस्थेत अंध प्रौढांना शिकवत. मी तिथे राहून शिकले. काठी, ब्रेल, रस्ता ओलांडणं, स्टोव्ह पेटवणं, आणि माझं टाइपिंग नव्याने. शिकवणारे दासन सार स्वतः जन्मांध. कागदाचा कोपरा दुमडून सरळ बाजू कशी ओळखायची, रोलरचे खटके मोजून ओळी कशा सोडायच्या, मार्जिनची घंटी वाजल्यावर किती अक्षरं उरतात, सगळं त्यांनी बोटांत उतरवलं. पोरांना इतकी वर्षं ओरडून सांगितलेलं आता मलाच लागू पडलं. बोटांकडे बघायची सोयच नव्हती.

जाताना त्यांनी बजावलं, "तू टाइप करशील, पण पान तुला कधीच वाचता येणार नाही. मलाही नाही. तेवढ्यासाठी एक माणूस शोध. प्रेमळ नको. नीट वाचणारा शोध."

मी हसून सोडून दिलं. मला वाटलं, वाचणारे काय, गावभर आहेत.

वरदराजन सारांनी मला परत घेतलं. शिकवायला नाही, जॉबवर्कला: अर्ज, प्रबंध, कोर्टाचे कागद, शाळांच्या प्रश्नपत्रिकांची स्टेन्सिलं. दुसरं कुणीतरी मजकूर वाचून दाखवायचं, मी टाइप करायचे. प्रत्येक पानाला सार म्हणत, "फर्स्ट क्लास, अम्मा. एक चूक नाही."

एक चूक नाही? मला दिसत होतं तेव्हा पानामागे एखादी तरी निघायची. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. पण कौतुक ऐकायला कानांना काही त्रास होत नाही. आणि सार म्हणाले होते की मोपेडच्या नव्या एजन्सीला टाइपिस्ट हवी आहे, तिथे ते माझं नाव सांगणार. त्या वर्षांत आमच्याकडे असली दुकानं भराभर उघडत होती. भाताच्या गावांमधून सायकली जाऊन मोपेड येत होत्या, आणि एजन्सीचा माल थेट पापनाशमपर्यंत जात होता. खरी नोकरी, पगाराची, इन्स्टिट्यूटच्या ओळखीबाहेरची. मला ती हवी होती. इतकी हवी होती की मी संशय गिळला.

शाई कशी उठली?

ज्यांनी टाइपरायटर पाहिला नाही त्यांना एक सांगायला हवं. मशीनला रिबनचा, म्हणजे शाईच्या फितीचा, एक खटका असतो. साध्या कागदासाठी तो एका जागी, स्टेन्सिल, म्हणजे पुष्कळ प्रती काढायचा मेणकागद, कापायला दुसऱ्या. स्टेन्सिलवर शाई लागता कामा नये, म्हणून त्या जागी रिबन वर उचललीच जात नाही. नुसती अक्षरं आपटतात.

एका संध्याकाळी मी शाळेच्या प्रश्नपत्रिकेचं स्टेन्सिल कापून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळभर एका वकिलाचा लांबलचक अर्ज केला, एकेरी प्रत, कार्बन नाही. ठोक्यांचा आवाज जरा कोरडा वाटला, पण बाजूला दहा मशीन खडखडत होती. सारांनी पानं उचलली आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास, अम्मा."

दुपारी आणखी एक स्टेन्सिल आलं. मी खटका सरकवायला हात नेला, तर तो आधीच स्टेन्सिलवर. कालपासून तिथेच.

सकाळची सगळी पानं कोरी होती.

मी ओरडले नाही. साधं विचारलं, "सार, सकाळचा अर्ज बरा झाला ना?"

"अगदी व्यवस्थित."

"शाई कशी उठली? रिबन जुनी आहे म्हणून विचारते."

"ठळक, अम्मा. मोत्यासारखी अक्षरं."

मी त्यांचा हात धरला आणि त्या खटक्यावर ठेवला. इतका जुना टाइपिंगवाला माणूस, त्याला काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी खटका साध्या कागदाच्या जागी सरकवला. मग म्हणाले, "तुझा अण्णा आला होता. हात जोडले त्याने. तिला बसून राहू देऊ नका म्हणाला."

"आणि माझी पानं?"

"सेल्वी परत टाइप करते." सेल्वी म्हणजे इन्स्टिट्यूटमधली दुसरी टाइपिस्ट.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"सगळीच चुकीची असायची?"

सार अडखळले. "तसं नाही... आम्ही पाहिलीच नाहीत, अम्मा."

मला लागलं ते इथे. पानं वाईट म्हणून बाजूला ठेवली असती तर मी सहन केलं असतं. ती कुणी वाचलीच नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. माझ्या पिठाकडे कुत्र्यानेही ढुंकून पाहिलं नव्हतं. मला टाइप करता येतं की नाही, हे त्या क्षणी जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

वैनी वाचते

घरी मी अण्णाला सरळ विचारलं. तो लहान पोरासारखा रडायला लागला. "तुझें मन मोडूं नये म्हणून केलों, जानकी. दुसरें कांहीं नाहीं."

आई त्याच्या मदतीला धावली. "त्यानं काय पाप केलं? प्रेमापोटीच केलं ना?"

"माझ्याशी नोकरी-नोकरी खेळलात तुम्ही," मी म्हणाले. "भातुकलीसारखं."

तेव्हा वैनी बोलली. "मी तेव्हांच नको म्हणाल्यें."

"काय नको म्हणालीस?"

"खोटें नको. सांबारांत मीठ नव्हतें, सगळे छान म्हणाले. मी मीठ घेतल्यें. तू माझ्यावरच रागावलीस. शरी, असूं दे म्हणून मी गप्प बसल्यें."

लाज वाटली म्हणावं तर संशय गेला नव्हता. ही आत्ता चांगुलपणा मिरवते आहे का? पण डोक्यात दासन सारांचं बोलणं आलं, प्रेमळ नको. या घरात ती अट पुरी करणारी एकच व्यक्ती होती, असं मला अजूनही वाटत होतं. मी म्हटलं, "वैनी, मी टाइप करते. तू वाचशील?"

"माझें इंग्रजी दहावीपुरतें. अर्थ कळणार नाहीं."

"अर्थ नको. अक्षरं वाच."

सारांनी शरमेपोटी एक जुनं मशीन घरी पाठवून दिलं होतं. परत पाठवावं असं मनात आलं, पण नाही पाठवलं. वैनीने पहिलं पान मूळ मजकुराशी लावून अक्षर अक्षर वाचलं, तांदूळ निवडल्यासारखं. तिसऱ्या ओळीत अक्षर गाळलंय. पाचवीत दोन शब्द चिकटलेत. इथे ओळ तिरकी. इथे एकावर एक. संपता संपेना. माझ्या डोक्यात लगेच दुसरा किडा वळवळला: ही मुद्दाम चुका काढत नसेल कशावरून? खोट्या कौतुकासारखे खोटे दोषही असतातच की.

म्हणून मी तेच पान घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, चुका दाखवशील तर उपकार होतील. वैनीने काढलेल्या सगळ्या चुका त्याने दाखवल्या, दोन सोडून. घरी येऊन वैनीला त्या दोन विचारल्या. तिने कागद परत घेतला, उजेडाकडे गेली असावी, आणि म्हणाली, "आहेत. त्याला नीट पाहतां येत नाहीं."

बूथवाल्याला मी पुन्हा त्रास दिला नाही.

त्यानंतर रोज दुपारी जेवणं आवरली की आम्ही बसायचो. वैनीने कधी शाबास म्हटलं नाही. चुका कमी झाल्या तेव्हा तिचं वाचन लवकर संपू लागलं, एवढंच. एकदा सबंध पान वाचून ती नुसती उठली आणि कॉफी ठेवायला गेली. त्या कॉफीचा अर्थ कळल्यावर मी पदर डोळ्यांना लावून बसून राहिले.

मोपेडची एजन्सी

एजन्सीची जागा अजून भरली नव्हती. मी सारांची शिफारस घेतली नाही, वैनीला घेऊन स्वतःच गेले. शोरूममध्ये नव्या रबराचा आणि रंगाचा वास होता. मॅनेजर तरुण आवाजाचे, अतिशय गोड बोलणारे. त्या गोडव्यानेच मी सावध झाले. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताक फुंकून पितो, मी तर पाणीही फुंकत होते.

त्यांनी डीलरांना पाठवायचं एक इंग्रजी पत्र वाचून दाखवलं, मी टाइप केलं. रोलर फिरवून कागद काढला आणि पुढे केला.

"एक्सलंट, मॅडम," ते तमिळमध्ये म्हणाले. "खरंच कौतुक आहे तुमचं. आम्ही नक्की कळवू."

वैनी शेजारी बसली होती. तिने माझ्या कोपराला हात लावला आणि मराठीत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हा माणूस कागद वाचलाच नाहीं. तसाच खालीं ठेवला."

मी मॅनेजरांना म्हणाले, "सार, तुम्ही वाचलं नाही."

"नाही मॅडम, पाहिलं की."

"पाहिलंत, वाचलं नाहीत. मला नोकरी द्यायची नसेल तर देऊ नका. पण पान वाचून नाही म्हणा. मी बसते."

मग कागद उचलल्याचं ऐकू आलं. मॅनेजर वाचू लागले, आधी नाइलाजाने पटपट, मग हळू. आणि एकदम ओरडले, "अय्यो! हे काय? नवव्या ओळीतला 'नॉट' कुठे गेला? विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं हवं. तुम्ही लिहिलंय, घेतला जाईल! हे पत्र गेलं तर सगळ्या जिल्ह्यातल्या मोपेड माझ्या दारात उभ्या राहतील!"

"बाकी?" मी विचारलं.

कागद पुन्हा सळसळला. "बाकी ठीक आहे." आवाजातला गोडवा साफ गेला होता. "पण हे असं चालणार नाही. परत करा. मी थांबतो."

मी नवा कागद घातला आणि सगळं पत्र परत केलं. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, सही करून टपालाच्या ट्रेमध्ये टाकलं आणि म्हणाले, "सोमवारी या. उशीर नको."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी काठी उघडली आणि वैनीला विचारलं, "खरं सांग. नववी ओळ खरोखरच चुकली होती? की त्यानं आपलं काहीतरी काढलं?"

"चुकलीच होती. तो कागद मेजावर ठेवला तेव्हांच मी पाहिल्यें, मूळ कागद शेजारींच होता."

मी थांबले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलें असतें तर तो कशाला वाचला असता?" वैनी म्हणाली. "तो वाचून सांगतो कीं नाहीं, तें मला पाहायचें होतें. चल, बस येतेय."